हृदयक्रिया थांबते तेव्हा

हृदयविकाराचा झटका येणे आणि हृदयक्रिया अचानक बंद पडणे या दोन भिन्न घटना आहेत. झटक्यात हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत अडथळा येतो. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो व वेदना सांगू शकतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा मात्र माणूस क्षणात कोसळतो आणि हाकेला ओ देत नाही. अशा वेळी पुष्कळदा हृदयातील विद्युतप्रवाहाची लय बिघडून स्नायू नुसते थरथरत असतात. विजेचा नियंत्रित धक्का देऊन ही थरथर थांबवणारे यंत्र म्हणजे डिफिब्रिलेटर. त्याच्या स्वयंचलित प्रकारास एईडी म्हणतात.

छाती दाबण्याचा उपचार मिळाला नाही, तर धक्क्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सुमारे ७ ते १० टक्क्यांनी घटते. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून उपलब्ध आहे. तरी अकोले तालुक्यातील डोंगरवाडीपर्यंत पोहोचण्यास तिला वेळ लागणारच. तोवरचा उपचार जवळच्या माणसाच्या हाती असतो.

सामान्य माणसाला हे जमेल काय? शिकागोच्या विमानतळांवर झपाझप चालत ६० ते ९० सेकंदांत गाठता येईल अशा अंतराने ही यंत्रे बसवण्यात आली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार दोन वर्षांत लय बिघडून कोसळलेल्या १८ जणांपैकी ११ जणांना शुद्धीवर आणता आले. त्यांपैकी सहा जणांना वाचवणाऱ्यांना हे यंत्र हाताळण्याचे कोणतेही प्रशिक्षण नव्हते. मात्र त्यांतील तिघे वैद्यकीय पदवीधर होते.

कृती सोपी आहे. माणूस प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा अधूनमधून नुसता आचका येत असेल, तर एकाने १०८ ला फोन करावा, दुसऱ्याने यंत्र आणावे, तिसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब द्यावा. यंत्र आल्यावर ते सुरू करून छाती कोरडी करावी व चित्रात दाखवल्याप्रमाणे पट्ट्या चिकटवाव्यात. पुढील सूचना यंत्रच बोलून देते. आवश्यकता नसल्यास ते धक्का देत नाही. ते लय तपासत असताना व धक्क्याच्या वेळी रुग्णास कोणीही स्पर्श करू नये. त्यानंतर लगेच छाती दाबणे पुन्हा सुरू करावे.

१९४८ च्या कारखाना कायद्याच्या ४५ व्या कलमाने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी बंधनकारक केली. त्या काळी हे यंत्र उपलब्ध नव्हते. आज साखर कारखाने, औद्योगिक वसाहती, बसस्थानके, शिर्डी-शनिशिंगणापूरसारखी गर्दीची स्थळे, तसेच वसतिगृहे व विहार यांनी त्याच तत्त्वाने ही सोय करावी. यंत्र कुलपात ठेवू नये. ते कोठे आहे हे सर्वांना दिसावे. बॅटरी आणि पट्ट्यांची मुदत पाहण्याची जबाबदारी एका व्यक्तीवर असावी. केवळ खरेदी करून भागत नाही.

आपले माजी विद्यार्थी आज कार्यालयांत, कारखान्यांत आणि शाळांत जबाबदारीच्या पदांवर आहेत. त्यांनी आपल्या कामाच्या ठिकाणी एक प्रश्न अवश्य विचारावा: येथे कोणी कोसळले, तर पहिल्या तीन मिनिटांत कोण काय करील? उत्तर मिळाले नाही, तर कामाची सुरुवात तेथूनच करावी. यंत्रासाठी निधी जमेपर्यंत छाती दाबण्याचे शिक्षण थांबवू नये; त्यासाठी दोन हात पुरेसे आहेत.