मौखिक इतिहासाचे ध्वनिमुद्रण आणि संहितेचा प्रश्न : धनगरी ओवीच्या संदर्भात

मौखिक इतिहासाच्या संकलनात 'काय सांगितले' याइतकेच 'कसे सांगितले' यालाही पुराव्याचे मोल असते. कराडलगतच्या मलकापूर परिसरात क्षेत्रकार्य करणाऱ्या अभ्यासकाला याचा प्रत्यय धनगरी ओवीतून येईल. कराड तालुक्यातील पालचा खंडोबा आणि सांगली जिल्ह्यातील आरेवाडीचा बिरोबा ही धनगर समाजाची महत्त्वाची श्रद्धास्थाने होत. अशा दैवतांच्या दीर्घ कथा जाणत्या गायकांनी मुखपरंपरेने जपल्या आहेत.

हायडेलबर्ग विद्यापीठातील अभ्यासक गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनी अशा ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांपैकी बिरोबा आणि धुळोबा यांच्या कथांचे इंग्रजी भाषांतर अ‍ॅन फेल्डहाऊस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केले. या प्रकारात गेय पद्य आणि गद्य निवेदन आलटूनपालटून येतात. पद्यात सूचित झालेले गद्यात विस्ताराने उलगडते. संकलकाने ही पुनरुक्ती मानून गद्य गाळले, तर गायकाने स्वतः केलेले अर्थनिर्णयनच नाहीसे होते. बोलीचे रूप 'शुद्ध' केल्यास, किंवा देवाच्या वाटेवरील डोंगर, ओढे आणि गावे अनावश्यक समजून वगळल्यास, मेंढपाळांच्या स्मृतीतील भूगोल हरवतो.

ऐकणाऱ्याचा पूर्वग्रह याहूनही घातक ठरतो. १८४५ मध्ये उत्तर ध्रुवप्रदेशात गेलेल्या फ्रँकलिन यांच्या मोहिमेचा अंत उपासमारीने झाल्याची इनुइट लोकांची साक्ष जॉन रे यांनी १८५४ मध्ये इंग्लंडला कळविली. चार्ल्स डिकन्स यांच्यासारख्या लेखकाने ती अविश्वसनीय ठरविली. मोहिमेची दोन जहाजे २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, तेव्हा या शोधांना इनुइटांचे पिढीजात ज्ञान साहाय्यभूत ठरले होते. साक्षीत उणीव नव्हती. ती स्वीकारण्याची तयारी नव्हती.

म्हणून संकलकाने काही पथ्ये पाळणे इष्ट ठरेल. मूळ ध्वनिफीत हीच प्रथम संहिता मानावी. लिखित पाठ तिचे एक वाचन होय. गायकाने कथा कोणाकडून ऐकली, कोणत्या प्रसंगी आणि कोणासमोर गायिली, याची नोंद ठेवावी. पाठभेदांपैकी एकास मूळ ठरवून इतरांस भ्रष्ट म्हणू नये. लिखित पाठ गायकाला वाचून दाखवावा आणि त्याची दुरुस्ती स्वतंत्रपणे नोंदवावी. गायकाच्या पश्चात ही शेवटची संधी उरत नाही. मग मागे राहते ती केवळ संकलकाची समजूत.