शांती कोणास म्हणावे?

वाचावयाचा भाग : योहान 14:25–31, फिलिप्पैकरांस 4:4–7

भांडण नसले म्हणजे शांती, असा आपला समज असतो. परंतु मेहकर-चिखलीकडील आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण घरात कुरबूर नसताही रात्र रात्र जागे असतात. सोयाबीनला भाव नाही, निकाल लागावयाचा आहे, पुण्यास गेलेल्या भावास काम मिळत नाही. अशांस नुसते 'चिंता करू नका' म्हणणे हे उपाशी माणसास पंगतीचे वर्णन ऐकविण्यासारखे होय.

पौलाने फिलिप्पैकरांस शांतीविषयी लिहिले ते बंदीत असताना. चिंता दडपावी असे तो सांगत नाही. उपकारस्तुतीसह ती देवास कळवावी, असे सांगतो.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा 1895 साली बाप्तिस्मा झाला आणि त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. 1900 साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे वळलेल्या टिळकांच्या वाट्यास प्रथम विरहच आला. म्हणून शांती मिळाली की संकट टळलेच, असे शिकविणाऱ्यांचे म्हणणे आम्हांस पटत नाही.

या आठवड्यात निजण्यापूर्वी प्रत्येकाने आपली एकच चिंता नाव घेऊन देवाजवळ सांगावी. कर्ज असेल तर आकड्यासह. मग काही न मागता थोडा वेळ बसावे. कोणास आमच्याशी बोलावेसे वाटल्यास रविवारी उपासनेनंतर थांबावे.

प्रार्थना : हे प्रभो, जे आमच्याने सुटत नाही ते तुझ्यापुढे ठेवितो. आज आम्हांस झोप दे, आणि उद्या वडिलांशी त्या कर्जाविषयी बोलण्याचे धैर्य दे. आमेन.