शेतांतला उंदीर, घरांतला उंदीर आणि पिसू

शास्त्रपाठ : १ शमुवेल, अध्याय ५ व ६.

पलिष्टी लोकांनीं कराराचा कोश हिरावून नेला, तेव्हां त्यांच्या नगरांत लोकांच्या अंगावर गांठी उठल्या व पुष्कळ माणसें मेलीं. पुढें कोश परत पाठवितांना त्यांनीं त्याबरोबर सोन्याच्या पांच गांठी व सोन्याचे पांच उंदीर दिले. गांठींच्या शेजारीं उंदीर कां? हा रोग प्लेगच होता, असें कित्येक टीकाकारांचें मत आहे. शास्त्र तसें स्पष्ट म्हणत नाहीं; उंदरांनीं देशाची नासाडी केली, एवढेंच सांगतें. परंतु प्लेगच्या गांठीचा व उंदराचा संबंध खरा आहे, हें आज आपणांस ठाऊक आहे.

१८९४ सालीं हाँगकाँग येथें अलेक्झांडर यर्सिन यांनीं प्लेगचे जंतु शोधून काढिले. १८९६ सालीं हा रोग मुंबईंत शिरला. १८९७ सालीं पुण्यास रोग्यांची सेवा करतां करतां सावित्रीबाई फुले त्यालाच बळी पडल्या. १८९८ सालीं कराची येथें पॉल लुई सिमों यांनीं एका बरणींत पिसवांनीं भरलेला रोगी उंदीर ठेविला व त्याच बरणींत जाळीच्या पिंजऱ्यांत एक निरोगी उंदीर ठेविला. दोघांचा स्पर्श झाला नाहीं, तरी दुसराही प्लेगनेंच मेला. जाळी ओलांडली ती पिसवांनीं.

आतां रोगाची वाट पाहूं. प्लेगचें मूळ घर मनुष्याची वस्ती नव्हे, रान आहे. माळावर व बांधांतील बिळांत राहणारे कांहीं रानउंदीर हे जंतु अंगीं बाळगूनही बहुधा जगतात. म्हणून रोग वर्षानुवर्षें मुकाट दबून राहतो. धान्याच्या लोभानें रानउंदीर व घरउंदीर एकत्र आले म्हणजे पिसवा एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जातात. घरउंदीर मात्र तग धरीत नाहींत. ते पटापट मरतात. प्रेत थंड होतांच भुकेल्या पिसवा माणसाकडे वळतात. घरांत उंदीर पडणें ही आपणांसाठीं पहिली घंटा होय.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर बीड जिल्ह्यांतील मामला गांवच्या लोकांनीं भीतीनें घरें सोडलीं. धान्य आंतच राहिलें. ओस घरांत उंदीर माजले. १९९४ च्या ऑगस्ट महिन्यांत प्रथम उंदीर मेले, पिसवांचा उपद्रव झाला, आणि मग माणसांस ताप व गांठी आल्या.

म्हणून प्रत्येक कुटुंबानें हें ध्यानांत धरावें :

(१) धान्य पत्र्याच्या कोठींत झांकून ठेवावें. गोवऱ्या व कडबा घराच्या भिंतीपासून दूर रचावा.

(२) मेलेला उंदीर शेपटीस धरून शेजाऱ्याच्या आवारांत फेकूं नये. त्यास हात न लावतां प्राथमिक आरोग्य केंद्रास कळवावें.

(३) आधीं पिसवा, मग उंदीर. रोग असतां नुसते उंदीर मारिले, तर त्यांच्या पिसवा आपल्याच अंगावर येतात.

(४) हुडहुडी भरून ताप आला आणि जांघेंत, काखेंत किंवा मानेंत गांठ आली, तर त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन इत्यादि औषधांनीं हा रोग बरा होतो. पण उशीर प्राणघातक आहे. रोग फुप्फुसांत शिरला तर तो खोकल्यावाटेंही पसरतो.

शास्त्रपाठांतील आणखी एक गोष्ट पाहावी. अश्दोदकरांनीं कोश गथास लोटला, गथकरांनीं एक्रोनास. संकट शेजाऱ्याकडे ढकलण्याची ही रीत जुनी आहे. १९९४ च्या सप्टेंबरांत सुरतेंत प्लेगची हाक उठली, तेव्हां लाखों लोक शहर सोडून पळाले. पळणाऱ्याचें भय समजण्याजोगें आहे. पण रोगी दडविणें, उंदीर भिंतीपलीकडे टाकणें, आजारी घराकडे पाठ फिरविणें, हा शेजारधर्म नव्हे. कोणाच्या पापानें हें झालें, असें विचारीत बसणेंही नव्हे. जन्मांध मनुष्याविषयीं शिष्यांनीं हाच प्रश्न केला, तेव्हां प्रभूनें तो बाजूस सारून त्यास दृष्टि दिली. ज्यानें वेळींच कळविलें, त्यानें गांव राखिला. हीही सेवाच आहे.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न :
१. रानउंदरापासून माणसापर्यंत रोग कोणत्या पायऱ्यांनीं येतो?
२. उंदरांपूर्वीं पिसवा कां माराव्या?
३. आपल्या गांवांत उंदीर पडले, तर कोणास व कोणीं कळवावें? आजच ठरवा.