पेशंटजवळ बसणाऱ्याचे हात

सरकारी दवाखान्यात पेशंटची निम्मी सेवा घरचं माणूसच करतं. पाणी पाजणं, कूस वळवणं, भांडं देणं, लघवीची पिशवी सांभाळणं. एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असला की दुसरा इलाज नसतो. म्हणून दवाखान्यात लागणाऱ्या संसर्गाबद्दल आज आम्ही पेशंटजवळ बसणाऱ्या तुमच्याशीच बोलणार आहोत.

‘वस्तीतली माणसं घाण घेऊन येतात’ असं आम्ही वॉर्डात काम करताना ऐकलं आहे. ते खरं मानू नका. वॉर्डातले जंतू एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जातात ते मुख्यतः हातांनी, आणि हात कोणाचेही असोत. व्हिएन्नाच्या दवाखान्यात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात शिकाऊ डॉक्टर, दुसऱ्यात शिकाऊ सुइणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने कितीतरी जास्त बायका मरत, कारण डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणींना तपासायला येत. १८४७ साली डॉ. सेमेलवाइस यांनी क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं आणि मृत्यू झपाट्याने घटले. तरी बऱ्याच मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही. आपल्या हातांत दोष आहे हे मोठ्या माणसाला ऐकवत नाही!

तेव्हा पेशंटला हात लावण्याआधी आणि लावल्यानंतर हात धुवा. साबणाने, नखं आणि अंगठ्यासकट, ४० ते ६० सेकंद. कॉटला टांगलेलं सॅनिटायझर चालतं, पण हाताला शी-लघवी, रक्त लागलं असेल तर साबण-पाणीच हवं. शेजारच्या कॉटवरच्या आजीला उठवून बसवलंत, चांगलं केलंत. पण मग हात धुऊनच आपल्या माणसाकडे वळा. डॉक्टर किंवा सिस्टर थेट दुसऱ्या पेशंटकडून आले तर ‘सिस्टर, हात धुऊन घेता का?’ असं नम्रपणे विचारायला हरकत नाही. कोणी रागावेल, रागावू द्या.

आता लघवीच्या पिशवीचं. एक्स-रेला नेताना नातेवाईक ती उचलून पेशंटच्या पोटावर ठेवतात. पिशवीतली लघवी उलटी आत जाते आणि जंतूही सोबत जातात. पिशवी नेहमी कमरेच्या खाली असावी, पण फरशीला टेकू नये. नळी स्वतः कधी सोडवू नका.

सलाईनच्या सुईजवळ लाली, सूज, ठणका दिसला की लगेच सांगा. सकाळच्या राउंडची वाट पाहू नका. आणि ‘ताकद येईल, एक सलाईन लावा’ हा हट्ट आपल्या वस्तीत फार आहे. तोंडाने खातापिता येत असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज नसते. टोचलेली प्रत्येक सुई म्हणजे कातडीला पाडलेलं दार. ऑपरेशनच्या आदल्या रात्री घरीच वस्तऱ्याने केस काढण्याचंही तसंच आहे. बारीक चिरा पडतात, त्यांतून जखम पिकते. केस काढायचेच असतील तर ते दवाखान्यात मशीनने काढतील.

बाळंतिणीला भेटायला अख्खी गल्ली जाते. प्रेम समजतं, पण सर्दी-खोकला असलेल्याने बाळाजवळ जाऊ नये, आणि मुका कोणीच घेऊ नये.

आपल्या घरांतले कितीतरी जण याच दवाखान्यांत कंत्राटावर सफाईचं काम करतात. त्यांच्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण वॉर्डातला सगळा कचरा त्यांच्याच हातांतून जातो. वापरलेली सुई पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाकायची असते. रक्ताचा बोळा पिवळ्या पिशवीत. प्रत्यक्षात सुया काळ्या पिशवीत सापडतात आणि त्या मावशींच्या हातात घुसतात. टोचलं तर बोट पिळू नका, तोंडात धरू नका. साबण-पाण्याने धुवा आणि मुकादम काय म्हणेल याचा विचार न करता लगेच कॅज्युअल्टीत जाऊन नोंद करा. एचआयव्ही रोखणाऱ्या गोळ्या शक्यतो २ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. त्या २८ दिवस घ्यायच्या असतात.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला कावीळ ‘ब’ आणि धनुर्वाताची लस देणं आणि वर्षातून किमान एकदा तपासणी करणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. तुमच्या घरातल्या कामगाराला ही लस मिळाली आहे का, ते आजच विचारा. मिळाली नसेल तर चार-पाच जणांनी मिळून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या.