बाळाचं पोट उडतंय का?

बाळाला सर्दी झाली की भारतातली आजी व्हिडिओ कॉलवर हमखास विचारते, “अगं, बाळाचं पोट उडतंय का?” पोट उडणं म्हणजे श्वास घेताना पोट नेहमीपेक्षा जोरात वरखाली होणं. आजीचा प्रश्न अगदी बरोबर आहे. पण उत्तर द्यायचं तर बाळाचा स्वेटर, झबलं वर करून बघावं लागतं. दुपट्यात गुंडाळलेल्या बाळाकडे बघून काही कळत नाही. तुम्ही धाकट्या भावंडाला सांभाळत असाल, तर हे तुम्हालाही जमायला हवं.

आधी श्वास मोजायचा. बाळ शांत हवं. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. छाती किंवा पोट वर जाऊन खाली आलं की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा कंटाळा-उपाय इथे चालत नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. ते भराभर श्वास घेतं, पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा सुरू करतं. नवे आईबाबा याला घाबरतात, पण तान्ह्या बाळांत हे नेहमीचंच असतं. श्वास २० सेकंद थांबला तर मात्र लगेच अँब्युलन्स बोलवा.

आता आकडे. खोकला झालेल्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ते ठरवले आहेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिन्यांपासून एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त असतील, तर श्वास जलद आहे असं समजतात. अगदी तान्ह्या बाळाचे ६० भरले, तर पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

महाराष्ट्रातल्या गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे वेगळीच अडचण होती. खेड्यातल्या बऱ्याच दाईंना, म्हणजे बाळंतपण करणाऱ्या बायकांना, पन्नास-साठपर्यंत मोजता येत नसे. मग त्यांनी एक साधन बनवलं: एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि वयाप्रमाणे मण्यांच्या दोन ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा, लाल मणी सरकला, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. किती साधी युक्ती!

पण नुसता आकडा पुरत नाही. बाळाच्या नाकपुड्या फुलतात का? श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो का? प्रत्येक श्वासाला ते कण्हतं का, म्हणजे ‘अंह्, अंह्’ असा आवाज करतं का? नाक चोंदल्यावर होणारी घरघर बहुतेक वेळा साधी असते. कण्हणं साधं नसतं. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, बाळ दूध ओढेना, फार सुस्त पडलं, खड्डे पडायला लागले, तर आजीला नंतर सांगा. आधी अमेरिकेत ९११, ब्रिटनमध्ये ९९९. नुसताच श्वास जलद असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बाळ दोन महिन्यांच्या आतलं असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

साध्या सर्दीत नाकात मिठाच्या पाण्याचे तयार थेंब घालावेत आणि दूध थोडं थोडं, पण वारंवार पाजावं. आजीचे सगळेच उपाय मात्र करायचे नाहीत. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. ओव्याची धुरी तर नकोच. धुराने श्वासाचा त्रास वाढतो.

करून बघा

१. घरातल्या कोणाचे तरी श्वास एक मिनिट मोजा. मोठं माणूस शांत बसलं असेल, तर साधारण १२ ते २० भरतील.

२. बाळ आठ महिन्यांचं आहे. मिनिटाला ५४ श्वास भरले. ते दूध पितंय, खड्डे पडत नाहीत, कण्हत नाही, ओठ गुलाबी आहेत. तुम्ही काय कराल? आजीला फोनवर सांगताय असं समजून तीन-चार वाक्यं लिहा.