कंगव्याखाली काय सापडतं?

प्रश्न : आमच्याकडे तीन वर्षांची पांढरी स्पिट्झ कुत्री आहे. घर तळमजल्यावर, पावसाळ्यात भिंतींना ओल येते. तिला नियमित विंचरणं, अंघोळ, नखं, कान हे सगळं करावं असं मला वाटतं. सासूबाई म्हणतात, हे श्रीमंतांचे चोचले. आजार टाळायला याचा खरंच उपयोग होतो का? आणि उन्हाळ्यात तिचे केस पूर्ण काढले तर चालतील का?
– एक वाचक, फुलपाडा, विरार (पूर्व)

उत्तर : उपयोग होतो, आणि तुमच्यासारख्या ओलीच्या घरात तर नक्कीच. पार्लरचा रिबिन लावलेला कट वेगळा. तो नसला तरी काही बिघडत नाही. कामाचा असतो तो केसांच्या मुळाशी फिरणारा घरच्या माणसाचा हात. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाची खांदेमळणी करतात, हळद-तूप चोळता चोळता जू घासून झालेली जखम हाताला लागते. कुत्र्याला विंचरण्याचंही तसंच आहे.

सगळ्यात मोठा धोका गोचिडीचा. जीवदानीच्या पायथ्याशी किंवा पापडखिंड धरणाकडे फिरवून आणलं की गवतातून गोचीड आली, असं आपण म्हणतो. पण कुत्र्यांवर नेहमी दिसणारी तपकिरी गोचीड घराच्या आतही सुखाने नांदते. रक्त पिऊन झालं की ती खाली पडते, भिंतीच्या फटीत, दाराच्या चौकटीमागे, पलंगाच्या सांध्यात शिरते, आणि एकेक मादी तिथे हजारो अंडी घालते. तिच्या आयुष्याचा बराचसा काळ कुत्र्याच्या अंगावर जातच नाही. म्हणून नुसतं कुत्रीला औषध लावून भागत नाही, त्या फटीही साफ कराव्या लागतात.

या गोचिडीमुळे एर्लिकिया आणि बबेसिया हे आजार होतात. बोलीभाषेत दोन्ही ‘गोचीड ताप’. एर्लिकियाचे जंतू तर गोचीड चिकटल्यावर काही तासांतच कुत्र्याच्या रक्तात उतरू शकतात. त्यामुळे पावसाळ्यात महिन्यातून एकदा नव्हे, रोज फिरून आल्यावर पाच मिनिटं द्या. बोटं केसांच्या उलट दिशेने फिरवा. कानाच्या आत, पट्ट्याखाली, काखेत, पायाच्या बोटांमध्ये आणि शेपटीच्या मुळाशी नीट पाहा. काही टणक लागलं तर लगेच ओढू नका, आधी केस बाजूला करून बघा: गोचिडीला बुडाशी पाय दिसतात. पोटावरची स्तनाग्रं गोचीड समजून ओढणारे लोक आहेत, आणि ती नर कुत्र्यालाही असतात. गोचीडच असेल तर चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरून सरळ वर ओढा आणि स्पिरिटमध्ये टाका. नखाने चिरडू नका. रॉकेल तर मुळीच लावू नका, त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जातं.

ताप, जेवण सोडणं, हिरड्या फिक्या पडणं, नाकातून रक्त येणं, लालसर किंवा तपकिरी लघवी यांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आता केसांबद्दल. स्पिट्झला दोन थर असतात, खाली मऊ लोकर आणि वर लांब केस. हे थर थंडीत ऊब देतात तसे उन्हापासूनही बचाव करतात. वस्तरा फिरवला तर कातडी उन्हाने पोळू शकते, आणि काहींचे केस पुन्हा धड उगवतच नाहीत. त्यामुळे पूर्ण काढू नका. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा मुळापर्यंत विंचरून सुटी झालेली लोकर काढून टाका. कानामागे आणि मांड्यांत जट होते. तिच्याखाली ओल साचते, कातडी लाल होते आणि कधी जखम होऊन पावसाळ्यात अळ्याही पडतात.

अंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे, पण नंतर मुळापर्यंत कोरडं करणं महत्त्वाचं. आपला शाम्पू नको; कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्लयुक्त असते, ती कोरडी पडून खाजते. कानातून आंबूस वास किंवा काळपट मळ आला तर काडी घालू नका, डॉक्टरांना दाखवा. फरशीवर चालताना नखं टकटक वाजली की कापायची वेळ झाली. तुमच्या कुत्रीचं नख पांढरं असेल तर आतला गुलाबी जिवंत भाग दिसेल, त्याच्या अलीकडेच थांबा. दात कुत्र्यांच्या पेस्टने घासा: आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विष आहे. तीन वर्षांच्या वयात बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांचा त्रास सुरू झालेला असतो, तेव्हा हे आजच सुरू करा.

रेबीज आणि लेप्टोच्या लशींना मात्र यातलं काहीही पर्याय नाही. त्या वेळच्या वेळी घ्याच. मानेवर टाकायचं गोचिडीचं औषध वापरत असाल तर त्याच्या आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ घालू नका. आणि घरात मांजर असेल तर कुत्र्याचं औषध तिला लावू नका. पर्मेथ्रिन असलेल्या औषधाने मांजराचा जीव जातो.