वाळूच्या रेघांत दिसणारा कंप

पवनेच्या काठावरील रावेत हे एकेकाळचे शेतीचे गाव आज पिंपरी-चिंचवड महानगराचा भाग झाले आहे. येथून चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात पत्र्याचे असंख्य सुटे भाग घडविले जातात. यंत्र सुरू झाले की ते कापू लागतात. हा कंप सहसा डोळ्यांना दिसत नाही. परंतु त्यानेच कालांतराने पत्र्याला तडे जातात आणि त्याचा गोंगाट वर्षानुवर्षे कानी पडल्यास कामगाराला कायमचे बहिरेपण येऊ शकते. असा कंप मूठभर वाळूने दृश्य करता येतो.

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७ साली या प्रयोगाची माहिती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. पितळेचा चौरस पत्रा मध्यभागी स्क्रूने पक्का बसवावा, त्यावर कोरडी बारीक वाळू भुरभुरावी आणि राळ लावलेला व्हायोलिनचा गज त्याच्या कडेवरून ओढावा. जो भाग हालतो तेथून वाळू उडते. जो स्थिर राहतो तेथे ती साठते. या स्थिर रेषांना ‘निष्पंद रेषा’ म्हणतात. एका कडेच्या मध्यावर बोट टेकवून कोपऱ्यापाशी गज ओढल्यास वाळूचे अधिक चिन्ह उमटते. कोपऱ्यावर बोट टेकवून कडेच्या मध्यावर गज ओढल्यास तेच चिन्ह तिरपे होऊन फुली बनते आणि स्वरही चढतो.

सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी याच पद्धतीने मृदंगाचा अभ्यास करून १९३४ साली निबंध प्रसिद्ध केला. पुडीवरील शाईच्या वजनामुळे तिचे पहिले नऊ कंपप्रकार पाचच सुसंवादी स्वरांत जुळून येतात, असे त्यांनी दाखविले. देहू-आळंदीच्या कीर्तनांत घुमणाऱ्या पखवाजाच्या गोडव्याचे मर्मही या शाईतच आहे.

वाद्यात योग्य जागी दिलेले वजन स्वर घडविते; कारखान्यात योग्य जागी दिलेला आधार कंप आवरतो. निष्पंद रेषेवर लावलेला टेकू त्या कंपाला थोपवू शकत नाही. वाळू जेथून उडते, तेथेच तो हवा. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था वाहनांच्या कंपाची व आवाजाची तपासणी अद्ययावत उपकरणांनी करते. पत्रा कोठे हालतो आणि कोठे स्थिर राहतो, हा मूळ प्रश्न मात्र तोच आहे.

या परिसरातील अनेक विद्यार्थी उद्या कारखान्यांत उभे राहतील. शिक्षकांनी हा अल्पखर्चाचा प्रयोग वर्गात करून दाखवावा आणि पंचायत सदस्यांनी त्यासाठी शाळेला साहित्य मिळवून द्यावे. आवाजाचे मूळ शोधण्याची दृष्टी शाळेतच लाभली, तर पुढे यंत्रही टिकेल आणि कामगाराचे कानही शाबूत राहतील.